खळ, खेप ११: दोन आठवडे पाण्यात गेले, सुटका आधणात

पुस्तकबांधणीसाठी मी घरीच खळ शिजवतो; तिची अकरावी खेप बिघडली म्हणून इतके दिवस गप्प होतो. गव्हाचा चीक घरचाच, वजनं तीच, आणि खळ मात्र ताकासारखी. ब्रशवरून सरळ ओघळायची. अस्तराचा कागद भिजून फुगला, आणि पुस्तकाच्या पाठीवर जुजं (दुमडलेल्या पानांचे गठ्ठे) धरून ठेवण्याचं तर नावच नको.

मोजमाप नेहमीचंच: एक भाग खळ, दोन भाग पाणी, 40 अंशांवर आणून बोहरी आळीतून आणलेल्या स्टीलच्या नरसाळ्यातून 100 मिली किती सेकंदांत उतरते ते पाहायचं; खळ घट्ट तितका वेळ जास्त. दहाव्या खेपेला 68 सेकंद लागले होते. अकरावीला 17.

पहिला संशय आंबण्यावर. मे महिन्यात तीन दिवस भिजलेला गहू, वास चांगलाच आंबूस. आम्लात शिजवलं की स्टार्चच्या साखळ्या तुटतात, हे मैद्याच्या खेपेत व्हिनेगर घालून पाहिलंच होतं. म्हणून चिमूटभर खायचा सोडा घातला, पुन्हा शिजवलं. 18 सेकंद. मिक्सरवर खापर फोडायचीही सोय नव्हती. सातव्या खेपेपासून शिजलेली खळ मी मिक्सरमध्ये घालतच नाही. फुगलेले कण पात्याखाली फुटले की गेलेला घट्टपणा परत येत नाही.

मग टिंक्चर आयोडीन. थेंब टाकला, गडद निळा. साखळ्या शाबूत, असं ठरवून मोकळा झालो आणि तिथेच फसलो. निळा रंग यायला चाळीसेक ग्लुकोजची सलग लांबी पुरते. अमायलोजची, म्हणजे स्टार्चमधली सरळ साखळी शेकडो-हजारोंची. ती मधोमध दोन-चार ठिकाणी कापली तरी प्रत्येक तुकडा निळाच दिसतो, घट्टपणा मात्र कोसळतो. सुतळीचा गुंता चार ठिकाणी कातरला की गुंता सुटतो, सुतळी सुतळीच राहते, तसं.

पण कातरलं कुणी? आई पातेल्यात डोकावली. "थंड पाण्यात कालवून मंद आचेवर काय चढवतोस? कुरडयांचा चीक आधणात ओततात." कुरडया नाहीत गं या, म्हटलं. तिचं लक्ष रोळीतल्या उरलेल्या मूठभर गव्हाकडे. "आणि हे मोड दिसले नाहीत का?"

मोड! गुरुवारी पाणी बंद, म्हणून गहू निथळून रात्रभर झाकून ठेवला होता. त्याच पाण्यापायी चिकावरची निवळीही एकदाच बदलली. मोड फुटताना गहू अमायलेज हे स्टार्च तोडणारं एन्झाइम तयार करतो, आणि तीच ही कात्री. तीन-चारदा निवळी काढली असती तर बरंचसं वाहून गेलं असतं. उरलेल्याला मी मंद आचेवर 25 मिनिटं मेजवानी दिली: साठीच्या आसपास स्टार्चचे कण फुगून उघडतात आणि सत्तरीपर्यंत अमायलेज जोरात असतं. गिरण्या गव्हाचा फॉलिंग नंबर काढतात तो याचसाठी. मोडाच्या गव्हाची लापशी पातळ होते आणि तिच्यात सोडलेला दांडा झटकन तळाला जातो, म्हणजे नंबर कमी.

त्याच चिकाची दोन पातेली लावली, दोन्हीत 50 ग्रॅम चीक आणि 250 मिली पाणी. एक मंद आचेवर. दुसऱ्यात 200 मिली पाण्याला खळखळून उकळी आणली आणि उरलेल्या 50 मिलीत सैल केलेला चीक धारेने ओतला. पळी एकदम जड झाली, दुधी रंग काचेसारखा झाला. आटलेलं पाणी वजन करून भरलं. मंद आचेची 17 सेकंद, आधणाची 61! अमायलेजला हात चालवायला वेळच मिळाला नाही.

  

बारावी खेप बिनमोडाची करणार होतो. पण लिहिता लिहिता वाटतंय, ही 17 सेकंदांची खळ फेकायची कशाला? जपानी गुंडाळीचित्रांच्या पाठीला फुरुनोरी, म्हणजे वर्षानुवर्षं मुरवलेली खळ लावतात. ती दुबळी असते, म्हणूनच कागद मऊ राहतो. आपली फुरुनोरी नव्हे, तरी आजोबांच्या फाटक्या पंचांगाच्या पानांना पातळ कागद लावून बघायला काय हरकत आहे? म्हणजे बारावी खेप मुद्दाम मोडाची: 65 अंशांवर पाच, दहा, पंधरा मिनिटं धरायची आणि मग उकळी. नरसाळं आहेच.

उरलेला चीक आईने कुरडयांसाठी मागितलाय. खळीला कीड लागू नये म्हणून घालायचं विषारी मोरचूद काढायच्या आधी तो वेगळा ठेवायला हवा.