मारुती ८००चं पुढचं सस्पेन्शन: आधी बुश, मग शॉकअप

जुन्या ८००मध्ये पुढून खडखड ऐकू आली की पहिला सल्ला शॉकअप बदलण्याचा मिळतो. पैसे तिथेच संपतात आणि गाडी रस्त्यावर तशीच भरकटत राहते.

या गाडीत स्टॅबिलायझर बारकडे, म्हणजे पुढच्या दोन्ही बाजूंना जोडणाऱ्या वाकवलेल्या सळईकडे, दोन कामं आहेत. वळणावर गाडी कमी झुकावी हे एक. दुसरं जास्त महत्त्वाचं: लोअर आर्म (चाकाला खालून बॉडीशी जोडणारा दांडा) आतल्या टोकाला एकाच बोल्टवर असतो, त्याला पुढेमागे सरकू न देणारा आधार हा बारच. बारच्या टोकाचे बुश (रबरी गाद्या) दबले की ब्रेक मारताना चाक मागे सरकतं, गाडी एका बाजूला ओढते आणि ब्रेक सोडताना ‘टक्’ वाजतं. नव्या शॉकअपने हे जात नाही.

आधी तपासणी. हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना अडण लावा, गाडी जॅकवर उचलून स्टँडवर टेकवा. चाक वरखाली धरून हलवा. खेळ (ढिलेपणा) जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा. खेळ गेला तर बेअरिंग, राहिला तर बहुधा बॉल जॉइंट, म्हणजे आर्म आणि चाकाकडचा भाग जोडणारा गोळीचा सांधा. डावी-उजवीकडे धरून हलवल्यावर खेळ असेल तर टाय रॉड एंड (स्टिअरिंगचा दांडा चाकाकडे जोडणारा सांधा) किंवा स्टिअरिंग रॅक. शॉकअपवर तेलाचा पुसट थर चालतो; ओघळ असेल तर तो संपला.

सामान दोन्ही बाजूंचं एकदम घ्या: बॉल जॉइंटसह लोअर आर्म, बारच्या टोकांचे आणि बार बॉडीला धरणाऱ्या मधल्या पट्ट्यांचे बुश, टाय रॉड एंड, नट सुटू न देणाऱ्या नव्या स्प्लिट पिना. पॉलियुरेथेनचे बुश मिळतात, स्टिअरिंगही घट्ट वाटतं. पण खड्ड्यांचे हादरे थेट बॉडीत येतात. रोजच्या गाडीला चांगल्या प्रतीचं रबरच बरं.

कोकणातल्या किंवा गोव्यातल्या गाडीचे बोल्ट गंजून बसलेले असतात. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. थेट जोर लावला तर पट्ट्यांचे बोल्ट तुटतात आणि मग वेल्डिंगचं काम वाढतं. हे तेल रबरावर मात्र जाऊ देऊ नका.

बॉल जॉइंटचा बोल्ट नुसता सैल करून भागत नाही, तो पूर्ण बाहेर काढावा लागतो. जॉइंटच्या पिनेच्या खाचेतून तो आडवा गेलेला असतो. टाय रॉड एंडचा नट दोन-चार आटे राहू द्या आणि हातोडा नकलच्या (चाक धरणाऱ्या भागाच्या) डोळ्यावर, म्हणजे एंडची पिन बसते त्या कडीवर, बाजूने मारा, पिनेवर नाही. जुना एंड काढताना किती फेरे फिरला ते मोजा, नवा तितक्याच फेऱ्यांनी बसवा. स्प्लिट पिनेचं भोक जुळत नसेल तर नट थोडा आणखी आवळा, मागे फिरवू नका.

सगळ्यात जास्त बिघडतं ते शेवटच्या आवळण्यात. लोअर आर्मच्या बुशचं रबर आतल्या-बाहेरच्या नळीला चिकटलेलं असतं, ते पिळवटून चाकाला वरखाली हलू देतं. चाक लटकलेलं असताना बोल्ट आवळला तर गाडी खाली येताच रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि नवा बुश लवकर फाटतो. म्हणून आधी हाताने बसवा, चाकं लावून गाडी जमिनीवर घ्या, पुढून दोनदा दाबून सोडा आणि मग पिटमध्ये उतरून टॉर्क रेंचने सर्व्हिस मॅन्युअलमधल्या आकड्यापर्यंत आवळा. दोन खांबी लिफ्टवर चाकं लटकतात, तिथे हे जमत नाही.

शॉकअपही बदलायचा असेल तर स्प्रिंग कंप्रेसरने दाबल्याशिवाय वरचा मधला नट कधीही सोडू नका. सुटलेली स्प्रिंग जीव घेऊ शकते. वरचं माउंटिंग आणि बेअरिंग त्याच वेळी बदला.

शेवटी अलाइनमेंट. या गाडीत फक्त टो, म्हणजे पुढची चाकं आत-बाहेर किती वळलेली आहेत तेवढंच, जुळवता येतो. तो बरोबर असूनही गाडी ओढत असेल, तर टायर आणि हवा पाहून वाकलेला आर्म किंवा स्ट्रट (स्प्रिंगसह शॉकअप) शोधा.