पाळी अनियमित असताना घरी प्रेग्नन्सी टेस्ट कधी करावी? माझा अनुभव

किटच्या खोक्यावर लिहिलेलं असतं, 'पाळी चुकल्याच्या पहिल्या दिवसापासून'. पण माझी पाळी कधी महिन्याने यायची, कधी दीड महिन्याने. ती नेमकी चुकली कधी, हे ठरवायचं कसं? आम्ही बाळासाठी प्रयत्न सुरू केले तेव्हा डॉक्टरांना मी हाच प्रश्न आधी विचारला.

त्यांनी समजावलं ते असं. पाळी लांबते तेव्हा बहुतेक वेळा स्त्रीबीजच उशिरा बाहेर पडलेलं असतं. त्यानंतर पाळी येईपर्यंतचा काळ बऱ्यापैकी ठरलेला, साधारण दोन आठवड्यांचा. म्हणून मागच्या पाळीपासून दिवस मोजण्यात माझ्यासारखीला फारसा अर्थ नाही. बीज कधी सुटलं याचा अंदाज असेल तर तिथून मोजायचं. तोही नसेल तर शेवटच्या संबंधानंतर 21 दिवस थांबायचं, मग टेस्ट करायची. मी हा 21 दिवसांचा हिशेब धरला.

एवढं थांबायचं कारण कळल्यावर मला थांबणं जरा सोपं गेलं. टेस्ट लघवीतलं एचसीजी नावाचं हार्मोन शोधते, आणि ते गर्भ गर्भाशयात रुजल्यावरच पुरेसं तयार व्हायला लागतं. रुजायला बीज सुटल्यापासून 6 ते 12 दिवस लागतात. सुरुवातीला हार्मोन अगदी थोडं असतं, मग दर दोन-तीन दिवसांनी साधारण दुप्पट होत जातं. म्हणजे दिवस राहिलेले असूनही घाईने केलेली टेस्ट 'नाही' म्हणू शकते. तो खोटा नकार मनाला फार लागतो, आणि मला तो नको होता.

तरी थांबणं कठीणच. छाती जड वाटायची, थकवा यायचा, आणि यातलं सगळं पाळीच्या आधीही होतं, त्यामुळे लक्षणांवरून काहीच ठरवता येईना. रात्री झोप लागायची नाही. नवऱ्याशी बोलून आम्ही ठरवलं की तारीख आली की एकत्रच बघायचं.

टेस्ट सकाळच्या पहिल्या लघवीची केली. रात्रभर साठल्याने ती दाट असते, हार्मोन सापडायला सोपं जातं. आधी भरपूर पाणी प्यायलं तर लघवी पातळ होते, सुरुवातीच्या दिवसांत रेघ हुकू शकते. किटची एक्स्पायरी तपासली, मोबाइलवर वेळ लावली आणि कागदावर दिलेल्या मिनिटांतच पट्टी वाचली. हे फार महत्त्वाचं आहे. पट्टी वाळल्यावर कधी कधी राखाडी रेघ उमटते, तिचा काही अर्थ नसतो. कंट्रोलची रेघ, म्हणजे टेस्ट नीट चालली हे दाखवणारी रेघच आली नाही, तर ती टेस्ट बाद.

माझ्या पट्टीवर दुसरी रेघ होती, पण इतकी फिकट की नवरा ती खिडकीपाशी नेऊन बघत राहिला. वेळेत उमटलेली, रंग असलेली रेघ फिकट असली तरी सहसा 'हो'च असते. डॉक्टरांनी रक्ताची बीटा एचसीजी तपासणी करून घेतली आणि 48 तासांनी पुन्हा. आकडा नीट वाढला होता. मला रडूच आलं.

ज्यांचे उपचार चालू आहेत त्यांच्यासाठी एक गोष्ट: बीज सुटण्यासाठी एचसीजीचं इंजेक्शन घेतलं असेल तर दहा ते चौदा दिवस टेस्ट उगाचच 'हो' दाखवू शकते. तेव्हा तारीख डॉक्टरांकडूनच घ्या. साध्या अँटिबायोटिक्सनी किंवा गर्भनिरोधक गोळ्यांनी निकाल बदलत नाही.

टेस्ट 'नाही' आली आणि पाळीही आली नाही, तर आठवड्याभराने पुन्हा करा. मात्र ओटीपोटात एका बाजूला जोरात दुखणं, खांद्याच्या टोकाशी दुखणं, चक्कर किंवा रक्तस्राव, यातलं काही असेल तर पुढच्या टेस्टची वाट न बघता लगेच दवाखाना गाठा. ही लक्षणं गर्भ गर्भाशयाऐवजी गर्भनलिकेत रुजल्याची असू शकतात, आणि तसं असलं तरी टेस्ट 'हो'च म्हणते. तो कुठे आहे ते सोनोग्राफीतच कळतं.