‘लिसन’मधला टी

आठवी ‘ब’. इंग्रजीचा तास, मोठ्यानं वाचायची पाळी माझी. मी ‘लिस्टन’ असं वाचलं आणि वर्ग हसला. सर हसले नाहीत. पुस्तक मिटून म्हणाले, “चूक तुझी नाही, त्या टीची आहे. तो मागाहून आलाय.”

फळ्यावर त्यांनी लिहिलं: ह्लिस्नान. हजार वर्षांपूर्वी इंग्लंडात हा शब्द असा होता. टी नाहीच, सुरुवातीला मात्र ‘ह’. पुढे ह गळाला आणि त्याच अर्थाच्या ‘लिस्ट’ या जुन्या क्रियापदाच्या संगतीनं टी आत शिरला असावा. मग खाली दोन जोड्या: शत–हंड्रेड, श्वान–हाउंड. असे बदल नियमानं होतात, हे परीकथा गोळा करणाऱ्या याकोब ग्रिम यांनी १८२२ साली मांडलं होतं. “आपल्या श-च्या जागी तिकडे ह. आता ह्लिस्नानमधल्या ह-चा श करा, ल-चा र करा.” मागच्या बाकावरून आवाज आला, “श्रवण!” सरांनी खडू खाली ठेवला. तो चेहरा मला आजही दिसतो. ‘लाउड’ही याच घरातला, आपल्या ‘श्रुत’चा सख्खा भाऊ.

तेवढ्यात बाहेर एसटीचा हॉर्न वाजला. सर म्हणाले, “हा कानावर पडला, तो हिअर. माझ्याकडे कान देताय, ते लिसन.” मराठीत दोन्ही ‘ऐकणं’च, शिवाय ‘आईचं ऐक’ म्हणजे तिचं म्हणणं मान.

आता मी तहसील कार्यालयात आहे. फेरफाराच्या तक्रारींच्या नोटिसा काढतो. इंग्रजीतल्या ‘हिअरिंग’ला आपण सुनावणी म्हणतो. पण हिअरचं कूळ वेगळं, ग्रीक ‘अकूओ’कडचं, ज्यातून अकूस्टिक्स, म्हणजे ध्वनिशास्त्र, आलं. सुनावणी मात्र ‘श्रु’ धातूतून आलेली, म्हणजे नात्यानं लिसनची. हे कळलं तेव्हा सरांना सांगावंसं फार वाटलं. ते तेव्हा राहिले नव्हते.

परवा एक आजी चौथ्यांदा तारखेला आल्या. वारसनोंदीचं प्रकरण, पिशवीत जुना सातबारा, घड्यांवर फाटलेला. “आज तरी आमचं ऐकतील ना, दादा?” साहेब बैठकीत होते. मी खुर्ची पुढे केली, नोटिसांची चळत बाजूला सारली आणि म्हटलं, “सांगा आजी, पहिल्यापासून सांगा.”