वृषभातले जोडतारे मोजताना रुवेनं अडवलं: माझा अनुभव

रुवे. गैया या युरोपीय अंतराळ दुर्बिणीच्या ताऱ्यांच्या यादीतला हा एक रकाना (RUWE): तारा एकटा धरून केलेली मांडणी किती चुकली, याचा आकडा. जन्मून जेमतेम दहा-वीस लाख वर्षं झालेल्या ताऱ्यांत जोडतारे किती, हे घरच्या लॅपटॉपवर मोजायला घेतलं तर बाकीचं काम एका रविवारात उरकतं. अडतं ते इथं. मला मिळालेल्या सूचनांत एकच ओळ होती: रुवे १.४च्या वर असेल तो तारा वगळा. का वगळायचा आणि वगळल्यावर काय हातचं जातं, याबद्दल अक्षर नाही. त्याचा राग अजून गेलेला नाही.

मोजणी वृषभ राशीतली. कृत्तिका आणि रोहिणीच्या आसपास पसरलेला तिथला वायू-धुळीचा ढग साधारण १४० पार्सेकवर, म्हणजे साडेचारशे प्रकाशवर्षांवर आहे. गैयाची तिसरी यादी १३ जून २०२२ला खुली झाली. तिच्यात दीडशेच्या वर रकाने आहेत. आमच्या गावात दिवसा रेंज एका काडीवर असते आणि लाईन कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून मी नऊच रकाने मागितले आणि फाइल पहाटे उतरवली. पराशय म्हणजे पृथ्वी सूर्याभोवती फिरताना तारा जागेवरून जेवढा सरकलेला दिसतो तो कोन. त्याचा पट्टा ५ ते ८.५ मिलीविकला ठेवला. (विकला म्हणजे अंशाचा ३,६००वा भाग, मिलीविकला तिचा हजारावा.) (१०००ला पराशयानं भागलं की अंतर पार्सेकमध्ये मिळतं.) गैया वय सांगत नाही, म्हणून वृषभातल्या तरुण ताऱ्यांची प्रसिद्ध यादी वेगळी घ्यावी लागते. तिच्यात सुमारे पाचशे तारे आहेत.

आता रुवे. गैया प्रत्येक ठिपक्याला एकटा तारा धरूनच त्याची चाल मांडते. मांडणी नीट बसली तर रुवे १च्या आसपास येतो. शेजारी जोडीदार असला की ठिपका डुलतो, मांडणी बसत नाही आणि रुवे चढतो. म्हणजे १.४ची चाळणी लावली की नेमके जोडतारेच गळतात, आणि आपण उरलेल्या एकट्यांत जोड्या शोधत बसतो. माझ्या पहिल्या मोजणीत जोड्या इतक्या थोड्या निघाल्या की आकडा म्हाताऱ्या ताऱ्यांच्याही खाली गेला. तिथंच शंका यायला हवी, कारण सूर्यासारख्या प्रौढ ताऱ्यांत साधारण ४४ टक्के जोडीत किंवा त्याहून मोठ्या कुटुंबात असतात आणि वृषभातल्या तरुण ताऱ्यांत हे प्रमाण जवळपास दुप्पट दिसतं, हे १९९३पासून माहीत आहे.

मग रुवे मोठा तो जोडतारा, असं उलट धरावं का? तेही चालत नाही. तरुण ताऱ्याभोवती वायू-धुळीची चकती असते, त्याचा उजेड कमी-जास्त होत राहतो, आणि तारा एकटा असला तरी रुवे वर सरकतो. चकतीवाल्या ताऱ्यांसाठी २.५ ही मर्यादा २०२२ साली सुचवली गेली. मी शेवटी तीन ढीग केले: १.४पर्यंत, १.४ ते २.५ आणि २.५च्या वर. मधल्या ढिगातल्या प्रत्येक ताऱ्यापुढे चकती आहे की नाही ते लिहिलं. चकती नसेल तर जोडीदाराचा संशय पक्का धरला, असेल तर निकाल न लावता तारा वेगळा लिहून ठेवला. वगळला एकही नाही.

डुलणाऱ्या ठिपक्याचा पराशयही चुकतो, म्हणून वर सांगितलेला पट्टा आधीच माहीत असलेल्या ताऱ्यांना लावूच नका. त्यांना फक्त आकाशातल्या जागेवरून शोधा.

निजगतीचंही, म्हणजे आकाशात तारा दरवर्षी किती सरकतो त्याचंही तसंच. दोघांची गती सारखी हवी म्हणून मी फरकाची मर्यादा वर्षाला १ मिलीविकला ठेवली होती. पण एकूण सूर्याएवढ्या वस्तुमानाची जोडी १४० खगोलीय एककांवर (एक एकक म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतर), म्हणजे इथून पाहता १ विकलेवर असली, तर एकमेकांभोवतीचा वेगच सेकंदाला अडीच किलोमीटर असतो. हा वेग आपल्या नजरेला पूर्ण आडवा असेल तर फरक वर्षाला पावणेचार मिलीविकलांपर्यंत जातो. जवळच्या जोड्यांना ५ ठेवा. १० विकलांपलीकडे २ पुरतात.

एक राहिलंच: फाइल स्प्रेडशीटमध्ये उघडताना ताऱ्याच्या क्रमांकाचा रकाना आधी मजकूर म्हणून निवडा. क्रमांक १७-१८ आकडी असतो आणि स्प्रेडशीट १५च आकडे राखते. शेवटचे शून्य होतात, मग दोन याद्या जुळत नाहीत.

योगायोगानं शेजारी दिसणारे तारेही मोजून वजा करावे लागतात. समजा, एका चौरस अंशात ३,६०० तारे आहेत. एका चौरस अंशात १,२९,६०,००० चौरस विकला, म्हणजे दर ३,६०० चौरस विकलांमागे एक तारा. १० विकला त्रिज्येच्या वर्तुळात सरासरी ०.०९ उपरे तारे येतील. शंभर ताऱ्यांभोवती शोधलंत तर नऊ जोड्या खोट्या.

टक्केवारी काढताना तारे नाही, कुटुंबं मोजा. पाच एकटे, चार जोड्या आणि एक तिकडी: दहा कुटुंबांपैकी पाच एकाहून अधिकांची, म्हणून ५० टक्के. तारे मोजलेत तर सोळापैकी अकरा, म्हणजे ६९ टक्के. आकाश तेच.

आणि वय लिहा. सरकी टोबताना एका जागी दोन दाणे टाकतात, नंतर विरळणी होते. दिवाळीत उभी पऱ्हाटी मोजून पेरलेले दाणे कळत नाहीत. ताऱ्यांचीही विरळणी होते, जोड्या फुटतात, तिकडीतला एखादा बाहेर फेकला जातो. ययाती या तारकासमूहातल्या ढगाच्या २०१६च्या रेडिओ मोजणीत अगदी कोवळ्या, शून्य वर्गातल्या ताऱ्यांत हे प्रमाण ५७ टक्के आलं. त्यांच्या पुढच्या वर्गात २३.

गैयाला साधारण ०.७ विकलांच्या आतले दोघे वेगळे दिसत नाहीत. वृषभात ते अंतर शंभर खगोलीय एककं होतं, म्हणून माझा आकडा त्यापलीकडच्या जोड्यांचाच आहे आणि तसं तक्त्याच्या माथ्यावर लिहिलं आहे. ज्याच्या नावावरून या साऱ्या तरुण ताऱ्यांची जात ओळखली जाते तो टी टॉरी स्वतः तिकडीत आहे. त्याचा दक्षिणेकडचा जोडीदार १९८२मध्ये अवरक्त किरणांत सापडला, पुढे तोही दोन तारे निघाला. दृश्य प्रकाशात तिथं एकच ठिपका. तक्त्यात त्याच्या ओळीत गैयाच्या रकान्यात १ आहे आणि शेजारच्या, अवरक्ताच्या रकान्यात ३.