तेविसाव्या दिवसाची अंडी

"भाऊ, आज तेविसावा दिवस होय. एकबी पिल्लू नाही निंगालं. फेकून देऊ का आता?"

जानेवारीतली सकाळ होती, नागपूर गारठलेलं. फोन उमरेड रोडच्या पुढच्या एका गावातल्या ताईंचा. त्यांच्या बचत गटाचं छोटं इनक्युबेटर आहे. मी गावोगावची अशी मशीनं दुरुस्त करतो आणि परसातल्या कोंबडीवाल्यांना उबवणीत मदत करतो. "मशीन उघडू नका, मी येतो," एवढंच म्हणालो. दिघोरी नाका ओलांडेपर्यंत हँडलवरची बोटं बधिर झाली होती.

गटाने ९६ अंडी ठेवली होती. सातव्या दिवशी तपासून १४ वांझ काढली, उरली ८२. मशीन विकणाऱ्याने प्रशिक्षणात सांगितलं होतं, एकविसाव्या दिवशी पिल्लं निघतात, बाविसाव्याला न निघालेली फेका. या एका वाक्याचा मला फार राग आहे. २१ दिवस हा हिशोब ताज्या अंड्याचा आणि बरोबर उष्णतेचा. या बायकांनी गावभर फिरून अंडी गोळा केली, पहिली अंडी बारा दिवस थंड कोठीत पडून होती. अंडं जितके दिवस ठेवून द्याल, त्यातल्या प्रत्येक दिवसामागे उबवणी साधारण तासभर लांबते. हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

अंड्यांना हात लावण्याआधी मी मशीनचा ताप घेतला. पडद्यावर ३७.६ सेल्सिअस दिसत होतं, म्हणजे अगदी हवं तेवढं. पण त्याची ताप मोजणारी वायर हीटरच्या अंगाला, वरच्या कोपऱ्यात. मी माणसाला लावायचं पाऱ्याचं थर्मामीटर झटकून मधल्या जाळीवर, अंड्यांच्या बरोबरीने ठेवलं आणि दार लावून वीस मिनिटं बसलो. या कामाला मला तेच आवडतं, कारण चढलेला पारा झटकल्याशिवाय उतरत नाही. जे दिसेल ते त्या वेळातलं सगळ्यात जास्त. पारा ९७.९ फॅरनहाइटवर होता, म्हणजे साधारण ३६.६ सेल्सिअस. पाहिजे साडेनव्व्याण्णव फॅरनहाइटच्या वर. जास्तीत जास्तच एवढं, म्हणजे रात्री वीज गेल्यावर त्याहून किती खाली उतरत असेल? सेल्सिअसच्या एका अंशाच्या तुटीने गर्भ मरेलच असं नाही, पण तो सावकाश वाढतो. पिल्लं उशिरा येत होती, एवढी आशा मला तिथे दिसली. पडद्यावरचा आकडा एक अंशाने वाढवून लावला, तळाच्या ट्रेत गरम पाणी ओतलं, ओली फडकी टांगली.

मग तपासणी. खिडकीला वाकळ लावून खोली काळोखी केली, मोबाइलच्या टॉर्चवर सायकलच्या ट्यूबचा तुकडा बसवला आणि अंड्याचं रुंद टोक त्यावर टेकवलं. पहिल्या आठवड्यात शिरांचं जाळं दिसतं. तेविसाव्या दिवशी ते दिसत नाही, सगळं अंडं काळं, फक्त वरची हवेची पोकळी उजळ. त्या पोकळीची कड तिरकी उतरली असेल, तिथे चोचीची सावली हलली, तर पिल्लू आतल्या पडद्यातून पोकळीत शिरलं म्हणायचं. प्रत्येक अंडं आधी नाकाजवळ धरत होतो. कुजलेलं अंडं आतल्या वायूने फुटलं तर शेजारची चांगलीही नासतात. अकरा अंडी अशी निघाली: कुठे आत पाणी डचमळत होतं, कुठे रक्ताचं कडं गोठलेलं. ती बाहेर. २६ अंड्यांत सावली हलताना मी स्वतः पाहिली. उरली ४५, ज्यांबद्दल मला काही सांगता येईना.

ताईंच्या सासूबाई दाराशी बसल्या होत्या. त्यांनी एक अंडं मागून घेतलं, कानाला लावलं, डोळे मिटले. "याच्यात हाय जीव." मी कान लावला, मला ऐकू आलं नाही. पुन्हा लावला, तेव्हा आतून बारीक टकटक आली. आयुष्यभर खुडूक कोंबड्या बसवलेल्या बाईचा कान माझ्या टॉर्चपेक्षा तयार होता, हे मी मानतो.

पण ४५ अंडी कानाने होणार नव्हती. दुसऱ्या खेपेची अंडी टोपलीत शिळी होत होती, गटाला जागा हवी होती, आणि कुजलेलं एक जरी आत राहिलं तर सगळ्यांना धोका. म्हणून मी पाण्याची परीक्षा घ्यायचं ठरवलं. टोपल्यात अंगाइतकं कोमट पाणी, त्याहून गरम नाही आणि गार तर मुळीच नाही. गार पाण्यात आतलं आकसतं आणि छिद्रांतून पाणी ओढलं जातं. पाणी पूर्ण स्थिर झालं की चार-पाच अंडी अलगद सोडायची आणि श्वास रोखून बघायचं. जिवंत पिल्लाचं अंडं तरंगता तरंगता थरथरतं, मग पाण्यावर वर्तुळं उमटतात. पहिलं अंडं थरथरलं तेव्हा ताईंनी माझा हात घट्ट धरला.

या परीक्षेचा एक नियम मोडायचा नाही. पिल्लाने आतून चोच मारून ज्या अंड्याच्या कवचाला टोचा पाडला आहे ते पाण्यात घालायचं नाही, पिल्लू बुडतं. मी प्रत्येक अंड्याचं रुंद टोक बघितलं होतं. पिल्लू तिथूनच फोडतं ना. पण कधी कधी पिल्लाचं डोकं अरुंद टोकाकडे असतं, आणि हे मला माहीत होतं.

सातव्या खेपेला एका अंड्याच्या खालून बुडबुड्यांची बारीक माळ वर आली. मी झटकन उचललं. निमुळत्या टोकाला तांदळाच्या कणीएवढी चांदणीसारखी भेग होती. फडक्याने टिपलं, कोरड्या जागी ठेवलं, कान लावला. मघाशी सासूबाईंनी कानाला लावलेलं अंडं हेच होतं की दुसरं, ते मी त्यांना विचारलं नाही.

हिशोब असा लागला: २९ थरथरली, सहा उंच तरंगून निश्चल राहिली, दहांचं काहीच ठरलं नाही. सहा काढायची की नाही यावर मी अडलो आणि शेवटी कुजका वास नव्हता म्हणून आतच ठेवली. रात्र तिथेच काढली. वीज दोनदा गेली, दोन्ही वेळा मशीनवर गोधड्या घातल्या. चोविसाव्या दिवशी दुपारी पहिला चिवचिवाट झाला. पंचविसाव्याच्या संध्याकाळपर्यंत ४७ पिल्लं. त्या ४७ मधलं एकही बाविसाव्याला फेकायच्या सूचनेतून वाचलं नसतं, आणि तशीच सूचना आजही गावोगाव दिली जाते.

न निघालेली २४ मी अंगणात एकेक करून फोडून पाहिली. तसं केल्याशिवाय काय चुकलं ते कळत नाही. सहा निश्चल अंडी खरोखर आधीच मेलेली होती. बाकीच्यांत बहुतेक पिल्लं पूर्ण वाढलेली, पण पिवळा बलक अजून पोटाबाहेर. ती थंडीने मागे पडलेली.

बुडबुड्यांचं अंडं शेवटी फोडलं. डोकं निमुळत्या टोकाला. असं उलटं पिल्लू बऱ्याचदा बाहेर पडू शकतच नाही, पाण्यात घातलं नसतं तरी कदाचित मेलं असतं. ताईंना मी हेच सांगितलं. पण त्याचा बलक पूर्ण आत ओढला गेला होता, बेंबी मिटलेली होती. त्याची सगळी तयारी झाली होती.