रोमन नाण्याचं पदक, आणि मी न बघितलेली कड

दोन वर्षांपूर्वी मी ऑनलाइन एक पदक घेतलं, सोन्याच्या कोंदणात देनारियस, म्हणजे चांदीचं रोमन नाणं, एका बाजूला दाढीवाला सम्राट. इतकं आवडलं की रोज गळ्यात असायचं. मग कडी सैल झाली म्हणून सोनाराकडे नेलं, त्याने कोंदण उघडून नाणं माझ्या तळहातावर ठेवलं आणि काही न बोलता भिंग पुढे केलं. नाण्याच्या कडेवर गोल फिरलेली एक बारीक शिवण, पापडाच्या कडेसारखी वेडीवाकडी नाही हो, चांगली सरळ. रोमन नाणं हातोड्याने ठोकून बनवायचे, खाली एक ठसा, वर एक ठसा, मध्ये तापवलेली चकती, त्यामुळे कड वेडीवाकडी आणि कधीकधी चिरलेली असते पण अशी शिवण येत नाही, ती येते दोन भागांच्या साच्यात धातू ओतला की. म्हणजे खोटं! आणि कोंदणाने नेमकी तीच जागा झाकलेली.

त्या रागात मी या विषयावर इतकं वाचलं की घरचे कंटाळले. पण मजा आली.

आधी मला वाटायचं नाण्यांचे दागिने हे आपल्या काळातलं फॅड असणार, तर तसं अजिबात नाही, रोमन लोक स्वतःच हे करत होते. दुसऱ्या शतकातला पोंपोनियस नावाचा कायदेपंडित सांगतो की सोन्याचांदीची जुनी नाणी, जी लोक रत्नांसारखी वापरतात, त्यांच्या उपभोगाचा हक्क मृत्युपत्राने देता येतो. वाक्य एवढंसं, पण त्यातला मुद्दा भारी आहे. पैसा वापरला की संपतो, मग ‘वापर आणि परत दे’ असं त्याच्याबाबत कसं म्हणणार? दागिना मात्र वापरून तसाच राहतो. म्हणजे नाणं एकदा गळ्यात गेलं की कायद्याच्या नजरेत ते पैसा उरत नाही. आणि ‘जुनी’ हा शब्द बघा, त्यांनाही जुन्याचंच वेड!

तिसऱ्या शतकात तर ही फॅशन जोरात होती. ऑरियस, म्हणजे रोमन सोन्याची मोहर (पहिला सम्राट ऑगस्टसच्या काळात जवळपास 8 ग्रॅमची, नंतर हलकी होत गेलेली), तिच्याभोवती जाळीकामाची चौकट. ही जाळी सोन्याच्या पत्र्याला छिन्नीने छिद्रं पाडून करायचे, लांबून लेससारखी दिसते. माझं सगळ्यात आवडतं ब्रिटिश म्युझियममधलं षटकोनी पदक, मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइनचं 321 सालचं दुप्पट वजनाचं सॉलिडस (हेही सोन्याचं नाणं) आणि भोवतीच्या जाळीतून छोटी छोटी डोकी चक्क वर उठून आलेली. फोटो झूम करत बसले की अर्धा तास जातो.

दुसरी वस्तू म्हणजे हॉक्सन गावची सोन्याची साखळी, इंग्लंडमध्ये सफोकला 1992 मध्ये सापडली. खांद्यांवरून आणि काखेखालून अंगभर घालायची, माप इतकं लहान की सडपातळ मुलीलाच बसेल. एका बाजूच्या कोंदणात जांभळा अ‍ॅमेथिस्ट आणि गार्नेट, दुसऱ्या बाजूला सम्राट ग्रेशनचं सॉलिडस, आणि ते नाणं बहुतेक आधी वेगळ्याच पदकात होतं, तिथून काढून इथे बसवलेलं. म्हणजे दागिना मोडून दागिना तेव्हाही चालूच.

सम्राटाचं तोंड अंगावर घेऊन फिरायचं म्हणजे भानगडी पण होत्याच. रोमन चरित्रकार स्वेटोनियस लिहितो की ऑगस्टसनंतरच्या सम्राटाच्या, टायबेरियसच्या काळात ऑगस्टसची छबी असलेलं नाणं किंवा अंगठी घेऊन शौचालयात किंवा वेश्यागृहात गेलं तरी जिवावर बेतायचं. अंगठी काढायची कुठे ठेवायची, विचार करा!

आता कोणी असं पदक घेणार असेल तर मागची बाजू उघडी आहे का ते आधी बघा. आणि पदक उलटवून बघा. बऱ्याच रोमन नाण्यांवर मागचं चित्र पुढच्याच्या उलट्या दिशेने असतं, त्यामुळे चेहरा सरळ लटकवला की मागची देवी डोक्यावर उभी, हा दोष नाही, घाबरू नका. नाणं सुटं आहे की डाख लावलंय तेही विचारा. डाख लावलेलं नाणं नंतर काढलं तरी कडेवर खूण राहते आणि संग्राहक लगेच नाक मुरडतात. हे त्यांचं मला पटतं पण पूर्ण नाही, कारण रोमन सोनाराने बसवलेल्या नाण्यालाही ते कधीकधी तसंच तोंड करतात, अरे ती खूणच दीड हजार वर्षांची आहे!

माझं ते खोटं देनारियस ड्रॉवरमध्ये पडलंय. कोंदण मात्र खरं सोनं निघालं. त्यात बसेल असं नाणं शोधतेय, पण सुटंच घेणार, आणि विकणाऱ्याकडे पहिला फोटो कडेचा मागणार.