टॅलिन–हेलसिंकी: स्टार्टअपसाठी निघण्यापूर्वी वाचावे असे

'ई-रेसिडेन्सीचे कार्ड घेतले की अख्खा युरोप खुला,' असे मुंबईतील सल्लागाराने आम्हाला छातीठोकपणे सांगितले होते. एस्टोनियाची राजधानी टॅलिनमधील पहिल्याच बैठकीत ते धादांत खोटे निघाले. एस्टोनियाने डिसेंबर २०१४ मध्ये सुरू केलेले हे कार्ड म्हणजे परदेशात बसून कंपनी नोंदवण्यासाठी आणि कागदपत्रांवर सही करण्यासाठी दिलेली डिजिटल ओळख आहे. त्यावर तिथे राहण्याचा हक्क मिळत नाही आणि साध्या प्रवासासाठीही शेंगेन व्हिसा वेगळा काढावा लागतो. तिथे राहून उद्योग उभा करायचा असेल, तर २०१७ पासून मिळणारा स्टार्टअप व्हिसा वेगळा आहे आणि त्यासाठी कल्पनेतील नावीन्य व वाढीची क्षमता तज्ज्ञांच्या समितीला पटवून द्यावी लागते.

सर्वांत मनस्ताप झाला तो कंपनी नोंदणीत. संचालक मंडळ परदेशात असेल तर एस्टोनियात कायदेशीर पत्ता आणि संपर्क व्यक्ती असणे बंधनकारक आहे, हे खरे. पण आमच्या सेवादाराने शासकीय शुल्क, पत्ता, संपर्क व्यक्ती आणि 'भागभांडवलविषयक सल्ला' असे सारे एकाच रकमेत गुंडाळले होते. फोड मागितल्यावर दिसले की शासकीय शुल्क हा त्या रकमेचा लहानसा भाग होता, आणि २,५०० युरोंच्या किमान भांडवलाची अट तर फेब्रुवारी २०२३ मध्येच रद्द झाली आहे. हा सरळ लुटीचा प्रकार आहे. प्रत्येक बाबीचे शुल्क स्वतंत्रपणे लिहून घेतल्याशिवाय एक युरोही देऊ नका. बँकेत तर 'एस्टोनियात तुमचे ग्राहक कोण, कर्मचारी किती?' एवढेच विचारून खाते नाकारण्यात आले; त्यामुळे खाते कुठे उघडणार हे नोंदणीपूर्वीच ठरवा.

टॅलिनहून दोन तासांच्या बोटीने फिनलंडची राजधानी हेलसिंकी गाठता येते आणि तो प्रवास सुखाचा होतो. दोन्ही देशांतील सहकार्य खरोखर थक्क करणारे आहे: एक्स-रोड ही माहितीच्या देवाणघेवाणीची प्रणाली दोघे मिळून जोपासतात, आणि त्यासाठीची संयुक्त संस्था २०१७ मध्ये टॅलिनमध्येच स्थापन झाली. मात्र हे सहकार्य सरकारी नोंदवह्यांपुरते आहे, संस्थापकाचा निवास परवाना काही समुद्र ओलांडत नाही. फिनलंडच्या स्टार्टअप परवान्यासाठी आधी बिझनेस फिनलंड या सरकारी संस्थेचा अनुकूल अभिप्राय लागतो आणि चमूत किमान दोन संस्थापक असावे लागतात. त्यामुळे दोन्हीकडे अर्ज करत बसू नका, कोणता तरी एकच देश निवडा. हेलसिंकीत जुन्या रुग्णालयाच्या इमारतींत वसलेल्या मारिया ०१ या स्टार्टअप संकुलात मात्र जरूर जा, कारण तिथल्या संस्थापकांशी झालेल्या बोलण्यातून आम्हाला जेवढे समजले तेवढे कोणत्याही सल्लागाराकडून समजले नाही.

एस्टोनियात नफा कंपनीतच ठेवला तर त्यावर कर लागत नाही, तो वाटल्यावरच लागतो, आणि २०२५ पासून त्याचा दर २२ टक्के आहे. पण पुण्यात बसून कारभार हाकणाऱ्याने भारतातील करदायित्व सनदी लेखापालाकडून आधी तपासून घ्यावे, आणि फेमा या भारताच्या परकीय चलन कायद्याखालील परदेशी गुंतवणुकीचा अर्ज आपल्या बँकेमार्फत भरल्याखेरीज भांडवल तिकडे पाठवू नये.